किडनीचा आजार चौथ्या-पाचव्या टप्प्यावर: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका डायलिसिस विभागात समन्वयक आहे. नव्या रुग्णाचे कागद लावणं, पाळ्या बसवणं हे माझं काम. पण दिवसाचा निम्मा वेळ जातो प्रश्नांना उत्तरं देण्यात. रात्री साडेदहाला रिपोर्टचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "मॅडम, घाबरण्यासारखं आहे का?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळी सुरू करायची की बंद, हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच (किडनीचे तज्ज्ञ डॉक्टर) ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र इथून घेऊन जा.

१. बाबांचं क्रिएटिनिन ३.८ आलंय. म्हणजे किडनी किती टक्के गेली?

नुसत्या क्रिएटिनिनवरून ते सांगता येत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा. ज्याचे स्नायू जास्त, त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हे धरून किडनी किती गाळते याचा अंदाज देणारा एक आकडा काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. क्रिएटिनिन २ असलेल्या तिशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ४५ येतो. तेच २ क्रिएटिनिन सत्तरीच्या बाईचं असेल तर साधारण २६. आकडा एक, आजार दोन वेगळ्या पायऱ्यांवर. बाबा ६५ च्या आसपास असतील तर ३.८ म्हणजे ईजीएफआर साधारण १७.

३० ते ५९ तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. मात्र हा आकडा तीन महिने तसाच राहिला तरच आजार जुना धरतात. जुलाब, ताप किंवा लघवी तुंबल्यामुळे एकदाच वाढलेलं क्रिएटिनिन ही वेगळी गोष्ट आहे आणि ते उतरूही शकतं (प्रश्न ३).

२. त्यांना काहीच त्रास नाही, लघवीही भरपूर होते. मग किडनी खराब कशी?

तीच चहापूड तिसऱ्यांदा उकळली तर कप भरतो, पण त्याला चहा म्हणता येत नाही. किडनीचं तसंच आहे. पाणी बाहेर पडत राहतं, कचरा आत राहतो. उलट रात्री तीन-चारदा उठावं लागणं हेच बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं, कारण लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते. लघवीला फेस येऊन तो टिकत असेल तर प्रथिनं गळत असण्याची शक्यता असते. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करतात.

त्रास सुरू होतो तो फार उशिरा: अन्नावरची वासना जाणं, सकाळी मळमळ, तोंडाला विचित्र चव, खाज, पायांवर सूज, जिना चढताना धाप.

३. क्रिएटिनिन कमी करायला काय द्यावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारा.

आधी हे पाहा की उतरवता येण्यासारखं काही कारण आहे का. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली आहे का, मूतखडा अडकला आहे का, गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी चालू होती का, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग आहे का. सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी यासाठीच असते. कारण सापडलं आणि वेळेत दूर झालं तर किडनी काही अंशी सावरते.

पण सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसत असतील आणि आकडा वर्षभर हळूहळू चढत आला असेल, तर गेलेला भाग परत आणणारं औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. मटण बंद केलं की क्रिएटिनिन थोडं उतरतं, माणूस वाळला की आणखी उतरतं. किडनी मात्र होती तिथेच असते. पुड्या विकणारे याच उतरलेल्या रिपोर्टचा फोटो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतात. काही भस्मांमध्ये आणि रसौषधींमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. आयुर्वेदाशी माझं वैर नाही. घटक न छापलेल्या पुडीशी आहे.

उरलेली किडनी टिकवता येते, आणि तिथे खरंच हातात बरंच काही आहे. रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत, लघवीतून जाणारी प्रथिनं कमी, साखर आटोक्यात, तंबाखू-बिडी बंद. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि आता डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आजाराचा वेग कमी करतात, मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन साधारणपणे ईजीएफआर २० च्या वर असताना सुरू करतात. म्हणून पुढच्या भेटीत "क्रिएटिनिन कमी कसं होईल" याऐवजी "वेग कमी करायला आणखी काय करता येईल" असं विचारा.

चौथ्या टप्प्यातली वर्षं फार मोलाची असतात. हाताची शीर जपायची (प्रश्न १४), लसी घ्यायच्या, घरात दाता आहे का ते बघायचं, पैशांची सोय लावायची, हे सगळं याच काळात व्हायला हवं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले ते थेट स्ट्रेचरवरून, मानेत नळी घालूनच पहिलं डायलिसिस झालं. आधीचे आठ महिने ते आकडा उतरवत होते.

४. रक्तदाबाची नवी गोळी दिल्यावर क्रिएटिनिन ३.० चं ३.५ झालं. गोळी बंद करू का?

परस्पर करू नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर बहुधा चालवून घेतात. ३.० चं ३.५ ही वाढ त्यात बसते. पोटॅशियम मात्र पाहावंच लागतं. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्ततपासणी सांगतात, ती चुकवू नका.

अपवाद: जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं सुटलं, तर ही गोळी, लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवावी लागू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि बरं वाटल्यावर पुन्हा कधी सुरू करायच्या तेही विचारून ठेवा. थांबवलेली गोळी नंतर सगळेच विसरतात.

५. डोकं दुखलं, गुडघा दुखला तर काय घ्यायचं? कोणत्या गोळ्या टाळायच्या?

दुखण्यासाठी आणि तापासाठी पॅरासिटामॉल, ठरवून दिलेल्या प्रमाणात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या नकोत. गोम अशी की मेडिकलमधल्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत यांतलंच एखादं मिसळलेलं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

सहज लक्षात न येणाऱ्या आणखी काही गोष्टी:

लघवीची जळजळ किंवा खडा यासाठी मिळणाऱ्या काही सिरपमध्ये पोटॅशियम सायट्रेट असतं. या टप्प्यावर ते धोक्याचं. पोट साफ करायच्या आणि आम्लपित्ताच्या काही औषधांमध्ये मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा फॉस्फेट असतं, तेही विचारूनच. पायांच्या मुंग्यांसाठी दिलं जाणारं प्रीगाबालिन, गाबापेंटिन नेहमीच्या डोसमध्ये दिलं तर माणूस गुंगीत जातो, बरळतो. नागिणीच्या गोळ्यांचंही तसंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर बंद करतात. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन सांगितला असेल तर किडनीचा आजार आहे हे आधीच सांगा. अपॉइंटमेंट देणारा ते विचारेलच असं नाही.

६. आईची शुगर आपोआप नॉर्मल झाली, इन्सुलिन निम्म्यावर आलं. मधुमेह बरा झाला का?

नाही. दुर्दैवाने ही चांगली बातमी नाही. इन्सुलिनचा निचरा बऱ्याच अंशी किडनीतून होतो. किडनी थकली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, त्यात जेवणही कमी झालेलं असतं. म्हणून साखर एकदम खाली जाण्याचा धोका वाढतो, विशेषतः पहाटे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी साखर मोजा. ७० च्या खाली आली तर साखरेचं पाणी द्या. फळाचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

रक्त कमी असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही फसवते. घरचं ग्लुकोमीटर अधिक भरवशाचं.

७. पाणी किती प्यायचं? कोणी म्हणतं भरपूर प्या, कोणी म्हणतं मोजून प्या.

दोघंही कुणाच्या तरी बाबतीत बरोबर असतात. "भरपूर पाणी म्हणजे किडनी धुऊन निघते" हा सल्ला मूतखड्याच्या माणसासाठी होता. तो या आजाराला लागू करू नका.

डायलिसिस सुरू नाही, सूज नाही, लघवी व्यवस्थित होते, तर तहानेप्रमाणे प्या. सूज किंवा धाप असेल तर डॉक्टर मोजून देतील. डायलिसिसवर गेल्यावर ढोबळ हिशेब असा: काल चोवीस तासांत जेवढी लघवी झाली, तेवढं अधिक साधारण अर्धा लिटर. लघवी पूर्ण थांबली असेल तर दिवसाचं सगळं मिळून अर्धा-पाऊण लिटर. "सगळं मिळून" यात चहा, ताक, आमटी, पेज, कलिंगड, गोळ्या गिळतानाचं पाणी, सगळं आलं. सकाळी एका बाटलीत दिवसाचा वाटा भरून ठेवा आणि जे काही प्याल तेवढं पाणी त्यातून ओतून टाका. आमच्याकडच्या एका आजींचा हा हिशेब एखाद्या बँक कॅशिअरला लाजवेल असा आहे.

तहान आवरायची तर आधी मीठ आवरा. खारट खाऊन पाणी मोजणं कुणालाच जमत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दिवसाला एक किलोपेक्षा जास्त वाढू नये.

८. साधं मीठ बंद करून सैंधव वापरलं तर चालेल का?

सैंधव हेही मीठच. त्यातही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंगाने फरक पडत नाही. "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ तर अजिबात नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्याकडे भाजीतल्या मिठापेक्षा ताटाची डावी बाजू घात करते: लोणचं, पापड, ठेचा, सांडगी मिरची. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, म्हणजे दुप्पट सोडियम. कोकणातल्या घरी सुकट, सोडे, खारा बांगडा. फरसाण, खारी, पाव यांतही लपलेलं असतं. चव हवी तर लिंबाचे दोन थेंब, आमसूल, जिरं, लसूण, कोथिंबीर. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते.

९. कोणती फळं-भाज्या बंद? यादी द्या.

यादी देण्याआधी रिपोर्टमधलं पोटॅशियम बघा. साडेतीन ते पाच असेल तर उगाच सगळी फळं तोडू नका. पोट साफ राहणं हेही पोटॅशियम आटोक्यात ठेवण्याचाच भाग आहे. साडेपाचच्या वर जात असेल तर पथ्य कडक. साडेसहाच्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात (प्रश्न १९).

जास्त पोटॅशियम: नारळपाणी, केळं, संत्रं-मोसंबी आणि त्यांचे रस, खजूर, मनुका, जर्दाळू, बटाटा, रताळं, टोमॅटो, पालक, शेंगदाणे, गूळ. आजाऱ्याला भेटायला येणारा हमखास शहाळंच घेऊन येतो. ते आणणाऱ्यालाच प्यायला द्या. त्यातल्या त्यात बरं: सफरचंद, पेअर, अननस, दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी.

बटाटा खायचाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या. पोटॅशियम बरंच उतरतं. कुकरमध्ये अख्खा उकडल्याने उतरत नाही. पालेभाजीही आधी उकळून, पाणी काढून मगच फोडणीला. आणि ते पाणी "जीवनसत्त्वं वाया नकोत" म्हणून आमटीत घालू नका, मी पाहिलंय घालताना.

पोटॅशियम कितीही असो, एक फळ मात्र पूर्ण बंद: कमरख, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. त्यातलं विष किडनी काढून टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके असा प्रकार होतो, जीवही गेलेले आहेत. बिंबलाचा (बिलिंबी या आंबट फळाचा) रसही पिऊ नका. त्यातल्या ऑक्झलेटने धडधाकट माणसांच्या किडन्याही बंद पडल्याची उदाहरणं केरळात नोंदली गेली आहेत.

अपवाद: पोटाच्या डायलिसिसवर (प्रश्न १६) असलेल्यांचं पोटॅशियम कधी कधी उलट कमी होतं. त्यांना केळं खायलाही सांगतात. दुसऱ्याच्या पथ्याचा कागद आपल्याला लावू नका.

१०. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार करू का?

"एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण किडनीवाल्यांनी भिंतीवर लावावी. उपवासाचं आपलं ताट बघा: शेंगदाण्याचा कूट, बटाटा, रताळं, खजूर, केळं, वर शहाळं. प्रश्न ९ ची बंद यादीच जणू कुणी वाढली आहे. आषाढी आणि नवरात्रानंतर पोटॅशियम वाढून येणारे रुग्ण आम्हाला दरवर्षी दिसतात.

साबुदाणा स्वतः निरुपद्रवी असतो, तो जवळपास नुसता स्टार्च. भानगड त्यातल्या कूट-बटाट्याची. करायचाच असेल तर वरीचा भात, त्यावर दुधीची किंवा काकडीची भाजी, सफरचंद, आणि नेहमीच्या गोळ्या. इन्सुलिनवर असाल तर डोस विचारल्याशिवाय नाही. निर्जळी नको. रोजा ठेवणाऱ्यांनाही हेच: या टप्प्यावर दिवसभर पाण्याविना राहिल्याने उरलीसुरली किडनी आणखी घसरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. आजाऱ्याला सूट प्रत्येक धर्माने दिलेली आहे. घेत नाही ते आपणच.

११. डाळी, अंडी, मासे सगळं बंद केलंय. बरोबर केलं ना?

डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनं कमी करतात, बंद नाही. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला साधारण ३६ ते ४८ ग्रॅम, म्हणजे दोन्ही वेळच्या पोळी-भातासोबत एक वाटी वरण, थोडं दूध-दही आणि एखादं अंडं, एवढं बसतं. नुसत्या भात-साखरेवर ठेवलेला माणूस आधी वाळतो आणि मग प्रत्येक संसर्गाला बळी पडतो.

डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा. प्रत्येक वेळी रक्तातून काही अमिनो आम्लं निघून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, पनीर, डाळ. घरचे मात्र जुनंच पथ्य वर्षानुवर्षं रेटत राहतात. प्रेमापोटी केलेली ही उपासमार मला सर्वांत जास्त खटकते.

१२. अंगाला सारखी खाज येते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू का?

दाखवा, पण आधी फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड (गळ्यातल्या ग्रंथीचं संप्रेरक) यांचा रिपोर्ट बघा. रक्तात फॉस्फरस वाढला की खाज येते, हाडं ठिसूळ होतात. कोला, प्रोसेस्ड चीज, पाकिटबंद मांस यांत घातलेला फॉस्फेट फार पटकन रक्तात जातो. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या (सेव्हेलामर, कॅल्शियम ॲसिटेट) जेवणासोबतच घ्यायच्या. रिकाम्या पोटी घेतल्या तर त्या बांधणार काय? कोरडी त्वचा हेही मोठं कारण. खोबरेल तेल लावा, कडकडीत पाण्याने अंघोळ नको.

१३. हिमोग्लोबिन ७.५ आहे. बीट, खजूर, डाळिंब देतोय तरी वाढत नाही.

वाढणार नाही. रक्त तयार करायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक किडनीतच बनतं. ते त्वचेखालच्या इंजेक्शनने द्यावं लागतं, सोबत लोह, बरेचदा शिरेतून. लक्ष्य साधारण १० ते ११.५. त्याहून फार वर नेलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो. खजुराचं काय ते प्रश्न ९ मध्ये आलंच.

पुढे प्रत्यारोपण करायचा विचार असेल तर शक्यतो रक्त चढवणं टाळा. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. जीवावर बेतलं असेल तर अर्थात रक्त घ्यावंच लागतं.

१४. डायलिसिस अजून लांब आहे, तरी आत्ताच हाताचं ऑपरेशन का सांगतायत?

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी शिरेला जोडणं. त्यामुळे शीर जाड आणि भक्कम होते, सुया टोचता येतात. तिला तयार व्हायला सहा-आठ आठवडे, कधी जास्त लागतात, आणि पहिला प्रयत्न फसूही शकतो. म्हणून काही महिने आधी. फिस्टुला नसेल तर मानेतल्या नळीवर भागवावं लागतं आणि नळी म्हणजे संसर्गाला उघडं दार.

चौथ्या टप्प्यात पाऊल टाकल्या दिवसापासून जो हात कमी वापरता (बहुतेकांचा डावा) त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. लॅबवाल्याला तळहाताच्या मागची शीर दाखवा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, तो उशीखाली घेऊन झोपायचं नाही, घट्ट बांगड्या-घड्याळ नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर जाणवते ना ते पाहा. थरथर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे; उद्यापर्यंत गुठळी घट्ट होते.

१५. डायलिसिस लवकर सुरू केलं तर जास्त फायदा होतो का? आणि एकदा सुरू केलं की कायमचंच ना?

लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आकड्यावरून लवकर सुरू करणाऱ्यांना आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबणाऱ्यांना सारखंच यश मिळालं. म्हणून उलट्या, वजन घटणं, न उतरणारी सूज, औषधांना न जुमानणारं पोटॅशियम यावरून ठरवतात. मात्र थांबणं म्हणजे देखरेखीखाली थांबणं. तारखा चुकवणं नव्हे.

दुसऱ्या प्रश्नामागे भीती असते की डायलिसिसने किडनी "सवय लागून" बंद पडते. तसं नसतं. अचानक बिघडलेली किडनी (लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश, जुलाब) सावरली की डायलिसिस सुटतं. जुन्या आजारात ते सुरूच राहतं, कारण किडनी आधीच गेलेली असते. छत्रीमुळे पाऊस येत नाही.

१६. मशीनचं चांगलं की पोटाचं? आणि आठवड्यातून दोनदा केलं तर भागेल का?

मशीनचं डायलिसिस साधारण चार तास, आठवड्यातून तीनदा, केंद्रात जाऊन. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रव घरीच दिवसातून तीन-चारदा भरायचा आणि काढायचा. केंद्र ऐंशी किलोमीटरवर असलेल्या गावात, हृदय कमजोर असलेल्याला किंवा लहान मुलाला पोटाचं अनेकदा सोयीचं पडतं. त्याला हवी स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि घरात शिस्तीचा एक माणूस. काढलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखलं तर लगेच दवाखान्यात.

दोनदा बरेच जण करतात, आणि कारण जवळजवळ नेहमी पैसा किंवा अंतर असतं. स्वतःची लघवी अजून चांगली होत असेल तर डॉक्टर काही काळ चालवून घेतात. लघवी थांबल्यावर दोनदा अपुरं पडतं. सलग सुट्टीनंतरचा दिवस सगळ्यात धोक्याचा, म्हणून सणासुदीला पाळी चुकवण्याआधी आमच्याशी बोला. आम्ही पुढे-मागे करून देतो.

१७. कोणाची किडनी चालते? रक्तगट जुळला नाही तर?

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. इतर कुणी द्यायची तर प्राधिकृत समितीची परवानगी लागते. विकत घेणं-विकणं हा गुन्हा आहे. रक्तगट जुळला नाही तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल कायद्याने करता येते. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण होतं, पण खर्च आणि जोखीम वाढते.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घाला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत ही यादी चालते; नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातून होते. नाव नोंदवण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि रहिवासी दाखल्याची अट केंद्राने २०२३ मध्ये काढली आहे. थांबावं लागतं वर्षानुवर्षं, म्हणून नाव लवकर घाला.

जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी ओटीपोटात बसवतात. त्यानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या कायमच्या. एक गोष्ट बोलून टाकते: दाता म्हणून आमच्यासमोर येते ती बहुतेक वेळा आई किंवा बायको. भाऊ "ऑफिसमधून सुट्टी नाही" म्हणतात. तपासणीच्या खोलीत त्या बाईला एकटीला विचारतात, तेव्हा तिने नाही म्हटलं तर ते गुपित राखलं जातं, हे तिला आधी सांगा.

१८. खर्च कसा भागवायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. आता आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ मिळतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार घेऊन भेटा. नावात एका अक्षराचा फरक असेल तर आजच दुरुस्त करा, डायलिसिसच्या दिवशी तहसील उघडं नसतं. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात (२०१६ पासून) जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत सोय आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा अधीक्षकांना उत्पन्नाचा दाखला दाखवून मागा. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठीच्या प्रवासाला ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर सवलत आहे, एसटीतही आहे.

१९. रात्री-अपरात्री, सकाळपर्यंत न थांबता, कधी धावायचं?

थांबायचं नाही: आडवं झाल्यावर श्वास लागून उठून बसावं लागणं, हातापायांतली ताकद एकदम जाणं, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी, झटका, असंबद्ध बोलणं, मानेत नळी असताना थंडी वाजून ताप, फिस्टुलातून न थांबणारं रक्त. रक्त येत असेल तर दोन बोटांनी नेमक्या जागी घट्ट दाबून धरा, पंचा गुंडाळत बसू नका. दवाखान्यात पोचताच "किडनीचा पेशंट आहे, ईसीजी आणि पोटॅशियम आधी बघा" हे वाक्य म्हणा. नवख्या डॉक्टरांनाही मदत होते.

२०. लसी घ्यायच्या का?

हो, आणि लवकर. हेपॅटायटिस बी ची लस या रुग्णांना दुप्पट मात्रेत, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात. किडनी जितकी जास्त थकलेली तितकी लस कमी लागू पडते. सोबत फ्लू आणि न्यूमोनियाची.

२१. आई ८२ वर्षांची आहे, हृदयही कमजोर आहे. ती डायलिसिस नको म्हणते. आम्ही ऐकायचं का?

तिचं आधी नीट ऐका. इतक्या वयात, सोबत हृदयविकार असताना, डायलिसिसने आयुष्य फारसं वाढेलच असं नाही. आठवड्यातले तीन दिवस मात्र प्रवास, सुया आणि थकवा यांत जातात. डायलिसिस न करता धाप, खाज, मळमळ, रक्त कमी होणं यावर उपचार चालू ठेवणं हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला मार्ग आहे. त्याला "सोडून देणं" म्हणू नका. काही रुग्ण असे बरेच महिने, कधी वर्षाहून अधिक, घरच्या अंगणात काढतात. ठरवता येत नसेल तर महिनाभर करून बघू आणि मग पुन्हा विचारू, असंही डॉक्टरांशी ठरवता येतं. सुरू असलेलं डायलिसिस थांबवलं तर मात्र, लघवी होत नसल्यास, बहुधा एक-दोन आठवड्यांचाच अवधी असतो. ते सगळ्यांना आधी माहीत हवं, पुण्याहून आणि अमेरिकेहून येणाऱ्या भावंडांनासुद्धा.

२२. आम्हा मुलांनी तपासून घ्यायचं का?

हो. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, वर्षातून एकदा. आई-वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाबामुळे आजार झाला असेल तर हे पुरेसं आहे. किडनीत पाण्याच्या गाठींचा आनुवंशिक आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. तिथे सोनोग्राफी हवी. आणि अशा घरातला भाऊ किंवा मुलगी दाता म्हणून पुढे येत असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी. तरुण वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी डॉक्टर जनुकीय तपासणी सांगू शकतात, कारण गाठी पुढे तिशीतही दिसू लागतात.